विहीर नसलेल्या घराची साक्ष

मामा, तुम्हाला माती देऊन आम्ही अकोल्याच्या मिशन कंपाउंडात परतलो, हातपाय धुतले, आणि चहाचं पातेलं चुलीवर चढायच्या आत मंडळीचे सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आता साक्ष तुमच्याकडे आली, बाई. रविवारी स्मरणाच्या उपासनेत द्या. थोडक्यात द्या, पण विहिरीचं पूर्ण सांगा. लोक त्यासाठीच येतील."

मी हो म्हटलं. त्या वेळी कोणी काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं. सेक्रेटरी गेल्यावर मात्र मला तुमचा राग आला. गेलात ते गेलात, आणि जाताना ती विहीर माझ्या गळ्यात बांधून गेलात.

रीत तुम्हीच घालून दिलेली. वर्षाच्या मेळ्यात आंब्याखाली मांडव पडायचा, आणि प्रत्येक घरातलं वडीलधारं माणूस उभं राहून आपलं घर प्रभूकडे कसं आलं ते सांगायचं. ते माणूस गेलं की त्याच्यामागचं मोठं सांगणार. आपल्या घरी आजोबा असतानाही पाळक म्हणून तुम्हीच सांगायचात. माझी माय, तुमची बहीण, तुमच्याआधी गेली. तुम्हाला आणि मामीला मूलबाळ झालं नाही. उरले मी, तुमची भाची, अमरावतीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, आणि तुमच्या शब्दांत सांगायचं तर जिभेला हाड नसलेली लेखिका. तेव्हा साक्ष माझ्याकडे येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मला काही सांगून ठेवायला तुम्हाला वेळही भरपूर मिळाला होता.

आपल्या घराची साक्ष म्हणजे मेळ्याची लाडकी साक्ष. मोठा दुष्काळ. पातूरकडच्या एका गावातला कुणबी बळीराम, तुमचा बाप आणि माझा आजोबा, भर दुपारी आटलेल्या विहिरीत दोर सोडतो. पोहरा कोरडा वर येतो. पुन्हा सोडतो, पुन्हा कोरडा. तिसऱ्यांदा सोडतो तेव्हा तळातून हाक येते, "बळीराम, पाणी मी आहे." वाकून बघतो तर खाली उजेड. तो उजेड मनात धरून बळीराम चालत अकोल्याच्या मिशनबंगल्यावर येतो आणि दारात गुडघे टेकतो. तुम्ही पाळक होता, पण त्याहून जास्त कीर्तनकार होता. धोतर, अंगात पांढरा लांब कोट, हातात चिपळ्या. तुम्ही पोहरा सोडायची नुसती कृती केली तरी पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या.

तिसरा पोहरा माझा आहे, हे तुम्ही कुणाला कधी सांगितलं नाही. सुट्टीत मी अकोल्याला यायची तेव्हा पडवीत तुमची तालीम चालायची आणि श्रोता म्हणून मी समोर. मध्येच थांबून तुम्ही विचारायचे, "सुले, इथं लोकं जांभया देऊन राहिले काय?" मी म्हटलं होतं, "दोनदा सोडून बरं नाही वाटत मामा, तीनदा सोडा." तुम्ही डोळे मिटून मनातल्या मनात सोडून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "पोट्टीले समजते!" त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की गोष्ट ही माणसाच्या हातात असते, ती इकडे ओढता येते, तिकडे सैल सोडता येते. पुढे मी जे काही लिहिलं त्याची मुळं त्या पडवीत आहेत. ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं ते सगळं विसरले मी. तुम्ही शिकवलेलं विसरता आलं नाही.

आणि मग तुम्हीच माझ्या हातातून गोष्टी काढून घ्यायला लागलात. मंडळीचं मासिक तुम्ही चालवत होता. माझी पहिली कथा तुम्ही छापली, आपल्याच मिशन दवाखान्यातल्या दारुड्या कंपाउंडरची. मी त्याला ओसरीवर एकटा मरू दिला होता. छापून आलं तेव्हा माझा कंपाउंडर वेदीपुढे रडत होता आणि मंडळी त्याच्याभोवती गीत गात होती. मी अमरावतीहून तरातरा आले. तुम्ही जेवत होता. मी म्हटलं, माझा माणूस मेला होता, तुम्ही त्याला उठवलात कशाला? तुम्ही घास खाली ठेवला. "तो पिऊन मेला असं छापलं असतं, तर त्याची बायको तिसऱ्या बाकावर बसते, तिनं काय वाचावं?" मी म्हटलं, तिला माहीत नाही का तो कसा मेला? "माहीत हाय तिले. म्हनूनच." तुम्ही घास पुन्हा उचललात. मामीनं माझं ताट वाढलं आणि आपण तिघं जेवलो.

तुमच्या मासिकात प्रत्येक गोष्टीला पश्चात्ताप लागायचा, जसं वरणाला मीठ लागतं. चोराला, जुगाऱ्याला, सासूला, सगळ्यांना. मी एकदा चिडून म्हटलं, तुमच्या मासिकातली माणसं मरायच्या आधी शेवटच्या पानाची वाट बघतात. तुम्हाला हसू आलं होतं, पण दाबलंत. मला पश्चात्तापाचं वावडं नव्हतं, मामा. मी प्रार्थना करते, रोज करते, आजही केली. पण मला माणूस जसा आहे तसा देवापुढे उभा करायचा होता, धुऊन पुसून नाही. एक तरी गोष्ट अशी लिहायची होती की जी तुमच्या मंडळीत वाचली काय आणि अमरावतीला वकीलसाहेबांच्या माडीवर, शहरातल्या वरच्या जातीच्या लेखकांच्या बैठकीत वाचली काय, एक अक्षर बदलावं लागू नये. एवढंच मागणं होतं माझं. आता वाटतं, हे फार झालं.

म्हणून मी "कण्या" लिहिली.

तुम्ही ती कथा पुन्हा कधी तोंडावर आणली नाहीत, म्हणून आज मीच आणते. माय शेवटच्या आजारात बोलायची, भान असलं नसलं तरी बोलायची. एकदा म्हणाली, "विहीर काई नोहोती वो सुले. आपन कण्यायसाठी आलो. माही माय सांगे." दुष्काळात मिशनबंगल्याच्या आवारात मोठ्या कढईत ज्वारीच्या कण्या शिजायच्या आणि भुकेल्यांना वाढायच्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आपलं घरही त्या रांगेत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला ते ऐकून लाज वाटली नाही. उलट आजोबा मला पहिल्यांदा दिसले, आख्यानातले नाही, हाडामांसाचे. रांगेत उभा असलेला मालकीच्या वावराचा कुणबी, पुढचा माणूस ओळखीचा निघू नये म्हणून मान खाली घातलेला. मी तेवढंच लिहिलं. तो रांगेत उभा राहतो, कण्या घेतो, खातो. शेवटी तो मिशनच्या गोऱ्या साहेबाला विचारतो, उद्या पण येऊ का? तिथे कथा संपते.

वकीलसाहेबांच्या माडीवर ती वाचली तेव्हा तिथले लेखक कधी नव्हे ते कान देऊन ऐकत होते. मग वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुमच्यापैकी कुणीतरी हे कबूल केलंत, याला धैर्य लागतं." कबूल! जणू मी चोरी केली होती आणि आता सापडले होते. दुसरे म्हणाले, म्हणजे पोटासाठीच सगळं, आम्ही म्हणतच होतो. मी म्हटलं, मी असं लिहिलेलं नाही. ते म्हणाले, तुम्ही नाही लिहिलं, कथा म्हणते. माझ्या तोंडून निघालेली गोष्ट त्यांनी माझ्यासमोर उचलली आणि माझ्याच माणसांवर काठीसारखी धरली. त्यांनी ती आपल्या नियतकालिकाच्या अंकात छापली, कौतुकानं छापली. चहा झाल्यावर माझी कपबशी तेवढी मोरीशी वेगळी ठेवलेली मला दिसली. मी जिना उतरले आणि घरी येऊन रडले. तरी त्यांना कथा परत मागायला गेले नाही, कारण कथा चांगली होती.

अंक निघाल्यावर थोड्याच दिवसांत तुम्ही आलात. बडनेऱ्याला गाडी बदलून, उन्हातून छत्री धरून. मी पाणी दिलं ते तसंच ठेवलंत.

"कावून लिहिलं तू हे?"

"खरं हाय म्हनून." तुमच्याशी भांडताना माझी शाळेतली भाषा पळून जाते.

"कोनी सांगितलं तुले?"

"मायनं."

तुम्ही छत्री भिंतीला टेकवलीत. मग म्हणालात, "तिले अर्धंच माहीत होतं. ते तवा जन्माले बी आली नोहोती. तू अर्धं लिहिलं सुले, अन् अर्धं खरं लोकायच्या हाती देऊ नये."

मी म्हटलं, मग उरलेलं अर्धं तुम्ही सांगा, ते पण लिहिते. विहिरीचं सोडून सांगा. तुम्ही उठलात. पाणी तसंच राहिलं. दारात चपला घालून निघालात. त्या संध्याकाळी मी ठरवलं की तुम्ही खोटं बोलता आणि तुम्हाला ते माहीत आहे, आणि त्यानंतर मी तुमचं कीर्तन ऐकायला कधी पुढच्या रांगेत बसले नाही.

पण तुम्ही सोपे नव्हता. माझा मेळ्यातला मुलांचा वर्ग काढून घ्यायचा म्हणून मंडळीचे पंच बसले तेव्हा मी बाहेर ओट्यावर होते. दार लोटलेलं होतं, तुमचा आवाज लोटलेल्या दाराला कधी जुमानायचा नाही. "तिले काढान तर मलेबी काढा. कथा चुकीची हाय, पोरगी नाही." वर्ग माझ्याकडेच राहिला. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडे न बघता निघून गेलात, आणि पुढच्या रविवारी व्यासपीठावरून लेखणीच्या पापांवर असा उपदेश केलात की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. काय करावं तुमचं! सोडून जाता आलं असतं तर किती बरं झालं असतं. वकीलसाहेबांना वाटायचं, या बाईचा विश्वास उडाला. मंडळीलाही तेच वाटायचं. या दोघांचं आयुष्यात एकमत झालं असेल तर ते एवढ्या एका गोष्टीवर, आणि तीच खोटी होती. इकडे आड तिकडे विहीर, ही म्हण माझ्या वाट्याला जशीच्या तशी आली.

तेव्हापासून मी लिहिते ते अडखळत. लेखणी उचलली की एका खांद्यावरून तुम्ही वाचता, दुसऱ्यावरून माडी. देवावर काही चांगलं लिहावं तर वाटतं, मामाला खूश करायला लिहितेस. मंडळीतलं काही वाईट लिहावं तर वाटतं, माडीला खूश करायला लिहितेस. स्वतःसाठी लिहायची जागा मधल्या मध्ये इतकी चिंचोळी झाली की तिथे धड पाय ठेवता येत नाही. किती कथा अर्ध्यावर टाकल्या ते माझं मला ठाऊक. गेल्या नाताळात तुम्ही खाटेवरून विचारलंत, "आता काय लिहून राहिली?" मी म्हटलं, काही नाही, तुमच्यावर लिहीन म्हणते. तुम्ही हसलात. "मी मेल्यावर लिही. मंग मले काई कापता येनार नाही." नाताळच्या करंज्या तुमच्या उशाशी होत्या, त्यातली एक तुम्ही माझ्या हातावर ठेवलीत. आपलं ते शेवटचं धड बोलणं.

तर साक्ष. शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात मामीजवळ जाऊन बसले. मामी सुपात ज्वारी घेऊन पाखडत होती. घरात सुतक असो, काहीही असो, त्या बाईच्या हातांना रिकामं बसता येत नाही. मी म्हटलं, मामी, मला विहिरीचं सांगवणार नाही. मंडळीपुढे उभी राहीन आणि माझी जीभ उचलणार नाही. पण नाही सांगितलं तर मामाचा अपमान. तुम्हीच सांगा काय करू.

मामीनं सूप खाली ठेवलं. "नोको सांगू. विहीर नोहोतीच. आपल्या वावरात काय, गावात बी नोहोती. नाल्यात झिरा खंदून पानी आने लोकं."

"म्हणजे माय म्हणत होती ते खरं."

"अर्धं." मामीनंही तुमचाच शब्द काढला. "दुष्काळाच्या सुरुवातीले लोकं म्हने, बळीराम, चाल मिशनवर, तिथं कण्या देऊन राहिले. माह्ये सासरे म्हने, मी कोनाच्या दारी जेवाले जात नाही, माहा देव मले पोशीन. गेले नाही. दोन पोरी होत्या, मोठ्या, तुह्या मामाहून मोठ्या. त्या दोघी गेल्या, एकीमागं एक. मंग हे लेकरू राह्यलं. याचंबी पोट फुगलं होतं, डोये उघडे ना. मंग त्यायनं याले खांद्यावर टाकलं अन् निंगाले."

मला तुमच्या त्या बहिणींची नावंसुद्धा माहीत नाहीत, मामा. तुम्ही कधी सांगितलं नाही की तुम्हाला बहिणी होत्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सासऱ्यायनंच. मी नवी होती, भाकर वाढून राहिली होती. मले म्हने, सूनबाई, तुह्या नवऱ्याचं ते विहिरीचं आयकू नोको. मी पोरासाठी गेलो. देव मंग भेटला. पन भेटला तो खरा भेटला. असं म्हनत अन् जेवत."

"आणि मामाला हे माहीत होतं?"

"त्यायले नाही तं कोनाले?" मामी पदराच्या टोकाशी खेळत होती. "त्यायच्या बापानं त्यायले सांगितलं तवापासून त्यायनं विहीर खंदली. मले म्हनत, माह्या पोटासाठी माह्या बापाले आपला देव सोडावा लागला, हे मी चार लोकात कसं सांगू? बाप रांगेत उभा राह्यला तो माह्यासाठी. त्यायले वाटे, बापाची मान आपल्यापायी खाली गेली. म्हनून विहीर. म्हनून उजेड. बापाले रांगेतून काहाडून उजेडात उभं केलं."

मी मामीपुढचं सूप ओढून ज्वारीतले खडे वेचायला लागले. इतकी वर्षं मी तुम्हाला म्हणत होते की तुम्ही खरं लपवता, गोष्टी बदलता, माणसांना धुऊन पुसून देवापुढे उभं करता. मामा, तुम्ही एकाच माणसाला उभं केलं होतं. बाकी सगळ्या गोष्टी, माझ्या कंपाउंडरसकट, त्याच एका गोष्टीच्या मागून चालत आल्या होत्या. आणि मी त्या गोष्टीला तिसरा पोहरा दिला होता. तुम्ही मांडीवर थाप मारून हसला होता, आणि मला कळलं नव्हतं की तुम्ही कशावर काम करताय.

तरी मला राग आलाच. मला सांगायला काय झालं होतं? मी काही माडीवरचं माणूस नव्हते. मी तुमची होते.

शनिवारचा सगळा दिवस मी नुसती घरात फिरत होते. खरं सांगितलं, तर ज्यानं आयुष्यभर बापाची लाज झाकली त्याच्या कबरीवरची माती सुकायच्या आत मी ती उघडी करणार. विहीर सांगितली, तर माझ्याच तोंडानं मी खोटी साक्ष देणार, तीही देवाच्या घरात. लेखिका म्हणून खोटं, भाची म्हणून खरं. भाची म्हणून खोटं, लेखिका म्हणून खरं. मी प्रार्थना केली. मला उत्तरं येत नाहीत, तुम्हाला यायची. निदान तुम्ही तसं म्हणायचे.

रविवारी उपासनेला देऊळ भरलं होतं. बाहेर पायऱ्यांवरही माणसं होती. पुढच्या बाकांवर मुलं बसवली होती, त्यांच्यातल्या दोघांचे हात मी उठताच हवेत पोहरा सोडायला लागले, तुमची नक्कल. सेक्रेटरी गालातल्या गालात हसले. मी मामीकडे पाहिलं. ती खाली बघत होती, तिनं मला काही खूण केली नाही. हो किंवा नाही, एवढं तरी करायचं होतं तिनं.

मी म्हटलं, "आमच्या घरी विहीर नव्हती." मग तुम्ही व्यासपीठावर कधी न आणलेली आपली घरची बोली माझ्या तोंडात आली, ती मी येऊ दिली. "माहा आजा मिशनबंगल्यावर गेला तो लेकरासाठी. त्याच्या आधी दोन लेकरं गेली होती. देव त्याले मंग भेटला. भेटला तो खरा भेटला. ते लेकरू आपन सोमवारी मातीत ठेवलं." एवढंच. मी खाली बसले.

कुणी रागावलं नाही. मी रागाची तयारी करून आले होते, पंचांची, उपदेशाची, सगळ्याची. सेक्रेटरी उठले, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत त्यांनी देवाचे आभार मानले, बळीरामाला दुष्काळात दिलेल्या दर्शनाबद्दल, विहिरीतल्या उजेडाबद्दल आणि जिवंत पाण्याबद्दल. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाहेर पडताना एक जण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "विहिरीचं विसरल्या वाटतं बाई. होते असं, दुःखात मानूस सुधीवर नसते. पुढच्या मेळ्याले सांगजा पुरं."

मामा, तुमची विहीर माझ्या सांगण्यानं आटत नाही.

चपला शोधत होते तेव्हा एक म्हातारी जवळ आली. पातूरकडचीच, तुम्ही ओळखाल, मी तिचं नाव लिहीत नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि मला पिंपळाच्या आडोशाला नेलं. "बाई, माहा बापबी कण्यायसाठीच गेला होता. पह्यल्या मेळ्यात तुह्या मामानं विहीर सांगितली. मंग दुसऱ्यानं सपन सांगितलं. आमच्या घरी काईच नोहोतं सांगाले. माहा बाप घरी येऊन रडला. म्हने, आपल्याले देवानं काई दाखवलं नाही, आपन पोटासाठी आलो, आपली साक्ष खोटी. मंग त्यानं एक चांदनी रचली. सालोसाल सांगितली. तो गेला, मंग मी सांगून राहिली. दर साली मेळा आला का वाटते, औंदा बिमार पडावं."

मी तिला धरून उभी राहिले. किती घरं, मामा? मेळ्यात मांडवाखाली उभी राहून उजेड सांगणारी किती घरं तुमच्या विहिरीकडे बघून रात्री रचत बसली असतील? तुम्हाला याचा पत्ता नव्हता. तुम्हाला वाटलं, रांगेतून आलेले आपण एकटेच.

"देव मंग भेटला, हे तू म्हटलं ना," ती म्हणाली, "तसंच झालं आमचंबी. अगदी तसंच." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पन हे लिहू नोको वो बाई. तू लिहतं म्हनतात. लोकं हासतीन आपल्याले. अन् आपल्या पोरायले वाटीन, आपन तेवढ्यासाठीच आलो."

मी म्हटलं, नाही लिहिणार. माझ्या आयुष्यात माझं खरं ऐकून ज्या एका माणसाचं ओझं उतरलं, त्या माणसानं मला ते लिहू नको म्हणून सांगितलं, आणि मी शब्द दिला.

आता मी अमरावतीला परत आले आहे. मासिकाचे नवे संपादक तुमच्यावर दोन पानं मागतात, त्यांना विहीर हवी. वकीलसाहेबांचा माणूस येऊन गेला, त्यांना तुमच्यावर लेख हवा, "मोकळेपणानं लिहा" म्हणाले, त्यांना कण्या हव्यात. मी दोघांनाही अजून उत्तर दिलेलं नाही. देणार पण नाही. कुठे गेलं तरी अर्धं होणार, आणि अर्धं खरं लोकांच्या हाती देऊ नये हे तुमचं म्हणणं मला आता पटलंय, फार उशिरा, आणि तेही मला आवडलेलं नाही. पुरं लिहायचं तर म्हातारीला दिलेला शब्द आडवा येतो. म्हणून हे तुम्हाला लिहिते. तुमची लाज राखायला मामी इतकी वर्षं गप्प राहिली, आणि आता सांगता येईल असं माणूस तुम्हीच एक उरलात.

तर ऐका. आजोबांची मान तुमच्यामुळे खाली गेली नाही. दोन मुली गेल्यावर त्यांना एक काम करता आलं, ते त्यांनी केलं, आणि म्हातारपणी भाकर खाताना ते नव्या सुनेला सहज सांगू शकले. त्यांना लाज वाटत नव्हती, मामा. ती तुम्ही एकट्यानं वाहिलीत. तुमचा त्यात काही दोष नव्हता. तुम्ही लहान होता, आणि तुम्हाला भूक लागली होती.